चार दिवससुद्धा टिकत नाही

आधीच सांगून टाकते, सही माझी होती. नंतर कोणी म्हणायला नको की सुनेने सगळं खापर सासूच्या माथी फोडलं. कागदावर चूक लिहिली साहेबांनी, बोलल्या सासूबाई, पण न वाचता सही ठोकली ती मी. मोठी शिकलेली ना मी!

माझ्या सासूबाईंना अख्खी गल्ली थेंबमावशी म्हणते. त्या पेरूची जेली करतात. पेरू उकडायचे, पातळ फडक्यात बांधून टांगून ठेवायचे आणि रस आपोआप गळू द्यायचा. थेंब थेंब. घाई झाली म्हणून फडकं पिळलं, की रस गढूळ झालाच म्हणून समजा, आणि गढूळ जेली करणाऱ्या बाईबद्दल सासूबाईंचं मत इथे लिहिण्यासारखं नाही. “पिळू नकोस गं, गळू दे,” हे वाक्य मी लग्नानंतर तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्याला आता चौदा वर्षं झाली, रोज ऐकते. पोराला अभ्यासाला बसवताना मी ओरडले तरी हेच वाक्य येतं.

फडकी टांगायला आमच्याकडे स्टुलं आहेत. स्टूल उलटं करायचं, चार पायांना फडक्याची चार टोकं बांधायची, खाली भांडं. अशी नऊ स्टुलं आमच्या घरात आहेत आणि बसायला एकही नाही. हंगामात आलेला पाहुणा उभा राहतो, उभ्यानेच चहा पितो आणि लवकर जातो. सासूबाईंना त्यातही सोय दिसते.

रस आटत आला की त्या थंड बशीवर एक थेंब टाकतात आणि बशी तिरकी करतात. थेंब ओघळला तर अजून वेळ आहे. ओघळता ओघळता थबकला आणि बोट लावल्यावर त्याला सुरकुती पडली, तर झालं. मग बाटली भरल्यावर ती उजेडासमोर धरायची. पलीकडचं बोट दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर ती बाटली घरात खायची, विकायची नाही. आमच्या घरात कधीच कमी पडली नाही अशी जेली म्हणजे मी केलेली.

सासरे पोस्टात होते. पस्तीस वर्षं पाकिटांवर शिक्के मारले, म्हणून ते शिक्केकाका. त्यांना प्रत्येक गोष्टीवर तारीख लागायची. नवीन झाडू आणला तरी दांड्यावर तारीख. “तारीख नाही ती वस्तू म्हणजे पत्ता नाही ते पाकीट,” म्हणायचे. जेलीच्या कामात त्यांच्याकडे मेण होतं. तेव्हा आम्ही पत्र्याची झाकणं वापरत नव्हतो. भरलेल्या बाटलीच्या तोंडाशी वितळलेलं मेण ओतायचं, ते घट्ट झालं की आत हवा जात नाही. सासरे मेण ओतायचे, ते जरा आळलं की खिळ्याने त्यावर तारीख कोरायचे, आणि मान वाकडी करून आपल्याच अक्षराकडे बघत बसायचे.

दोघांचं भांडण एकच, साखरेवरून. सासूबाई साखर मोजून घालणार, दाणा इकडचा तिकडे नाही. सासऱ्यांना गोड हवं. सासूबाईंचा पक्का संशय होता, की आपण कोणी हाक मारली म्हणून दारापर्यंत गेलो, की हा माणूस पातेल्यात वाटीभर साखर लोटतो. परत आल्या की विचारायच्या, “टाकली ना?” आणि सासरे दोन्ही तळवे पुढे करून म्हणायचे, “मी? माझा हात तरी लागला का डब्याला?” चाळीस वर्षं हे चाललं. एकदा तर मिशीला साखरेचे चार दाणे लागले होते, तरी हेच उत्तर. मी हसू दाबायला फडकी धुवायला निघून गेले होते.

सासरे गेले त्याला आता सव्वादोन वर्षं झाली. झोपेत गेले. त्याआधी अकरा दिवस शेवटची जेली झाली होती. भेटायला येणाऱ्यांना पावाबरोबर वाढता वाढता ती संपली, पण एक बाटली सासूबाईंनी वरच्या फळीवर रिकाम्या डब्यांच्या मागे ठेवून दिली. दर रविवारी त्या डबे काढायच्या, बाटली पुसायच्या, मेणावरची तारीख बघायच्या आणि डबे परत लावायच्या. त्या वर्षी आमच्याकडे एकही पेरू उकडला गेला नाही.

मला ते बघवेना. बाई नुसती भिंतीकडे बघत बसायची, आणि समोरच्या झाडाखाली पेरूंचा सडा. शेवटी मीच हट्ट धरला. मागच्या शेडवर पत्रा टाकला, मोठी पातेली आणली, गल्लीतल्या सात बायका कामाला घेतल्या. मेण मात्र सासूबाईंनी नको म्हटलं. “ते काम ज्याचं होतं त्याचं होतं,” एवढंच बोलल्या. मग पत्र्याची झाकणं आली आणि तारखेच्या छापील चिकट्या आल्या. पातेल्याशी उभ्या राहिल्यावर पंधरा दिवसांत त्यांचा आवाज परत आला, आणि तो असा आला की दोन बायकांनी कामावर येणं थांबवायची धमकी दिली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

पण विकायची कुणाला? आमचा देश केवढा? सकाळी न्याहारी करून कुठल्याही दिशेने निघा, जेवायच्या वेळेआधी समुद्र आडवा येतो. आणि घरोघरी पेरूची झाडं. ज्याच्या त्याच्या परसात पेरू, जिच्या तिच्या हातात पळी. पहिल्या हंगामाच्या शेवटी दोनशे बाटल्या तशाच उरल्या आणि सातांपैकी दोघींना आम्ही ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून घरी पाठवलं. त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. त्या दोघींपैकी एकीने जाताना स्वतःचं फडकं धुऊन, वाळवून, घडी करून परत दिलं होतं. ते फडकं त्यांनी कोणाला वापरू दिलं नाही.

अशात बातमी आली. समुद्रापलीकडच्या त्या अवाढव्य देशाने आमच्यासारख्या टीचभर देशांतल्या खाण्याच्या वस्तूंवरचा कर कमी केला होता. मध, सुकी फळं, मसाले, मुरंबे, काय वाटेल ते पाठवा म्हणाले. आमच्या व्यापार कार्यालयाने ठरवलं, की एकट्यादुकट्याला पूर्ण कंटेनर भरणं जमायचं नाही, तर तीस छोट्या उत्पादकांनी मिळून एक कंटेनर भरायचा. तिकडची मोठी दुकानं माल बघतील, आवडला तर दर हंगामाला मागवतील.

मी सासूबाईंना समजावून सांगितलं. “आई, त्यांच्या एकेका शहरात आपल्या अख्ख्या देशापेक्षा जास्त माणसं रोज सकाळी पावाला काहीतरी लावतात.”

त्या काळजीत पडल्या. “मग एवढ्यांना पुरायची कशी गं?”

“अहो, सगळे काही आपलीच जेली खाणार नाहीत!”

“का? काय वाईट आहे?” असं म्हणून त्या रागावून आत गेल्या.

व्यापार कार्यालयाचे साहेब फॉर्म भरून घ्यायला आले ते भर हंगामात. तरणे, सरळ, पण पायाला चाकं लावलेले. गल्लीने लगेच घाईसाहेब नाव ठेवलं. त्या दिवशी त्यांची एकोणीस घरं झाली होती, आमचं विसावं. आधी ते ताजं चीज करणाऱ्याकडून आले होते, तिथे दोन-तीन दिवसांचीच मुदत लिहून. इथे बसायला स्टूल नाही, सगळी उलटी. मग फॉर्म हातावर धरून, एका कानाला फोन, असे ते उभ्यानेच विचारत होते आणि सासूबाई पातेलं ढवळत उत्तरं देत होत्या. काय घालता? पेरू, साखर, लिंबू. साखर किती? शंभराला पासष्ट, मोजून. बाटली कसली? काचेची.

“किती दिवस टिकते?”

“टिकते कुठली!” सासूबाई म्हणाल्या. “चार दिवससुद्धा टिकत नाही.”

“चार,” म्हणत साहेबांनी लिहिलं.

“परवा भाचीला तीन बाटल्या दिल्या, तर काल तिचा नवरा रिकाम्या घेऊन दारात हजर,” सासूबाई सांगतच होत्या, पण तोवर साहेबांचा फोन वाजला. त्यांनी फॉर्म माझ्या हातात दिला. मी आमचा पत्ता तपासला, फोन नंबर तपासला, जेलीतली वेलांटी तपासली. वेलांटी बरोबर होती. सही केली.

पाच आठवड्यांनी पत्र आलं. एकोणतीस जणांचा माल निवडला होता, आमचा नव्हता. कारण एका ओळीत होतं: टिकण्याची मुदत चार दिवस, समुद्रप्रवास अडतीस दिवस, सबब अपात्र.

मी मोठ्याने वाचलं तेव्हा सासूबाई आधी खूप हसल्या. त्यांना वाटलं, तिकडच्या लोकांनी चेष्टा केली. “बघ, त्यांना कळलं! बोटीवरच संपेल म्हणतात!” मग त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि हसणं थांबलं. हातातली पळी तशीच धरून त्या म्हणाल्या, “अगं, मी खाऊन संपते म्हणत होते.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कार्यालयात. घाईसाहेबांनी फॉर्म वाचला आणि त्यांचे कान असे लाल झाले की मला चार शिव्या द्यायच्या होत्या त्या गिळाव्या लागल्या. खरं तर दोन गिळल्या, दोन दिल्या. ते म्हणाले, “ताई, चूक माझी. पण एकदा लिहिलेली मुदत नुसती तोंडी सांगून बदलता येत नाही. पुरावा लागतो. एकतर प्रयोगशाळेत दीड वर्ष बाटली ठेवून तपासायची...”

“कंटेनर कधी जातो?”

“सोळा दिवसांनी. नाहीतर मग दीड वर्षापेक्षा जुनी, न उघडलेली, तारीख असलेली बाटली द्या. ती तपासून दोन-तीन दिवसांत दाखला मिळतो. तुमच्याकडे असेलच की एखादी जुनी बाटली?”

मी म्हटलं, छापील चिकटीची सगळ्यात जुनी बाटली दहा महिन्यांची आहे. आणि टेबलाकडे बघायला लागले. सासूबाईही. साहेबांना वाटलं, हिशेब करतोय. आम्ही दोघी एकाच फळीचा विचार करत होतो, आणि दोघींनाही ते माहीत होतं. बसमध्ये येताना त्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या, मी पुढच्या सीटच्या पाठीवरचे रंगाचे टवके मोजत राहिले.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “दुसरं काहीही माग. ती बाटली मागायची नाही. आईजवळ बाबांचं दुसरं काय आहे?” मला काय कळत नाही का? मी म्हटलं, जीव गेला तरी मागणार नाही. आणि मी गल्ली पालथी घालायला निघाले. सासऱ्यांच्या हातची, मेणाची एखादी बाटली कोणाच्या तरी कपाटात राहिलीच असेल.

सतरा घरं फिरले. शिवणकाम करणारी, पाववाला, शाळेतल्या बाई, आमच्या नणंदेची सासू. काय सांगू तुम्हाला! प्रत्येक दारात एकच वाक्य. “मावशींची जेली? अहो, घरात आली की चार दिवससुद्धा टिकत नाही!” कौतुकाने सांगायचे हो, डोळे मिटून. मला मात्र सतराव्या दारात रडू फुटलं. पाववाल्याने मेणाची एक बाटली काढून दाखवली तेव्हा मी झडप घातली, पण आत शर्टाची बटणं होती.

असे सात दिवस गेले. सासूबाई नेहमीसारखी कामं करत होत्या, फक्त ओरडत नव्हत्या. एका बाईने त्यांच्यासमोर फडकं पिळलं तरी त्या काही बोलल्या नाहीत. ती बाईच घाबरून मला येऊन म्हणाली, “मावशींना बरं नाही का?”

आठव्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई एका स्टुलाची फडक्याची टोकं सोडत होत्या. भर हंगामात! स्टूल त्यांनी सरळ केलं, फळीखाली नेलं आणि चढायला लागल्या. मी धावले, “आई, उतरा, मी काढते,” तर म्हणाल्या, “तू स्टूल धर.” मी धरलं. त्यांनी डबे एकेक करून माझ्या हातात दिले आणि शेवटी ती बाटली घेऊन उतरल्या. एप्रनने पुसली आणि माझ्यासमोर ठेवली.

“नको,” मी म्हटलं. “आई, नको. राहू दे तो कंटेनर. पुढच्या वर्षी बघू.”

“त्या दोघींनाही पुढच्या वेळी बघू म्हणालो होतो.”

“मग दुसरं काहीतरी करू. ही नको.”

“ऐक सूनबाई.” मला त्या सूनबाई म्हणाल्या की वाद संपला असं समजायचं असतं. “ते तारीख कशाला घालत होते? शोभेला? आजन्म त्या माणसाने प्रत्येक वस्तूवर तारीख घातली, आणि मी हसले. कोण विचारणार आहे, म्हणायचे मी. तर ते म्हणायचे, कोणीतरी कधीतरी विचारेल. आता विचारलंय ना? मग दाखवायला नको?”

मी स्टूल धरून तिथेच बसले आणि रडले. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, “मी गेल्यावर दर रविवारी तू पुसत बसशील, त्यापेक्षा हे बरं. आणि ते स्टूल उलटं कर, रस खोळंबलाय.”

प्रयोगशाळा दोन बस बदलून होती. बाटली टॉवेलात गुंडाळून त्यांनी मांडीवर घेतली होती. कंडक्टरने विचारलं, “आजी, पिशवी खाली ठेवा की,” तर त्याच्याकडे असं बघितलं की तो सुट्टे द्यायला विसरला.

तिथल्या चष्मेवाल्या बाई शांत होत्या. त्यांनी तारखेचा फोटो काढला, आमचा जुना फॉर्म वाचला, चार दिवसांच्या रकान्यापाशी थांबून आमच्याकडे बघितलं आणि पान उलटलं. मेणाखाली टिकली असेल तर पत्र्याच्या झाकणाखाली टिकणारच, असं म्हणाल्या. मग सील फोडायला चाकू घेतला.

“फोडू नका हो!” सासूबाईंचा आवाज तेव्हा पहिल्यांदा कापला. “सुरी गरम करून कडेने फिरवा. अख्खं निघतं.”

बाईंनी चाकू खाली ठेवला. खरंच सुरी तापवली, कडेने हळूच फिरवली आणि मेणाची चकती अलगद बाहेर काढली. त्यावर सासऱ्यांच्या अक्षरात तारीख. “ही आम्हाला नको,” असं म्हणत त्यांनी ती सासूबाईंच्या तळहातावर ठेवली. सासूबाईंनी ती रुमालात बांधली. बाईंनी मापाने लागेल तेवढी जेली एका डबीत काढून घेतली, झाकण लावलं, नंबर टाकला. बाटलीत अजून अर्ध्यावर होती.

“उरलेला नमुना नियमाप्रमाणे टाकून द्यायचा असतो,” त्या म्हणाल्या. मग सासूबाईंकडे बघितलं, मग दाराकडे. “मी जरा हात धुऊन येते. आमच्या नळाला पाणी फार हळू येतं.” आणि एक स्वच्छ चमचा टेबलावर ठेवून निघून गेल्या. देव त्या बाईंचं भलं करो.

सासूबाईंनी आधी बाटली खिडकीच्या उजेडासमोर धरली. पलीकडचं बोट दिसत होतं. मग चमचाभर जेली काढली, तोंडात घातली आणि डोळे मिटले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आता बांध फुटणार, आता ही बाई कोसळणार, म्हणून मी तयारीत उभी.

त्यांनी डोळे उघडले. “साखर!”

“काय?”

“साखर जास्त आहे. चाख! चाख म्हणते ना!” माझ्या तोंडात त्यांनी चमचा कोंबला. “टाकली होती की नाही? वाटीभर! मी म्हणत होते, मी चाळीस वर्षं म्हणत होते! मला वेड्यात काढलं! माझा हात तरी लागला का डब्याला म्हणे! लबाड! लबाड मेला!”

आणि मग बांध फुटला. पण कसा, तर हसत. हसता हसता डोळ्यांतून धारा, आणि मध्येच आणखी एक चमचा. मीही तशीच. बाई परत आल्या तेव्हा दोन शहाण्या बायका तोंडाला जेली लावून एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. बाटली रिकामी होती. बाईंनी ती उचलली, “नमुना नष्ट केला,” असं वहीत लिहिलं आणि सही केली.

तीन दिवसांनी त्यांचा फोन आला. जेली उत्तम. बुरशी नाही, आंबलेली नाही, चोवीस महिन्यांचा दाखला द्यायला हरकत नाही. “पण,” त्या म्हणाल्या, “तुमच्या फॉर्मवर साखर पासष्ट आहे. ह्या बाटलीत अडुसष्ट निघाली. टिकली ती अडुसष्टची जेली. पासष्टची तेवढीच टिकेल, असं मी लिहू शकत नाही. तुम्ही अडुसष्टची करत असाल तर दाखला आजच देते.”

आता आली का पंचाईत! माझ्या सासूबाई साखरेच्या दाण्यावरून चाळीस वर्षं नवऱ्याशी भांडल्या. सख्ख्या मुलाने एकदा ‘अजून थोडी गोड असती तर’ म्हटलं होतं, त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला होता. त्यांना मी काय सांगणार? फोनवर हात ठेवून मी चाचरत चाचरत सांगितलं. त्या बशी तिरकी करून थेंब बघत होत्या. थेंब थबकेपर्यंत त्यांनी नजर काढली नाही.

मग म्हणाल्या, “त्यांच्या त्या वाटीमुळे टिकली?”

“बाई तसंच म्हणतायत.”

“आणि मी नको म्हणत होते.” बशी त्यांनी हळूच खाली ठेवली. “आपलं आताचं पातेलं मोठं आहे. त्यांची एक वाटी, तर ह्या पातेल्याला किती?”

मी कागदावर मांडलं. “सात.”

“लिहून टाक.”

घाईसाहेब नवीन फॉर्म घेऊन आले, तेव्हा सासूबाईंनी एक स्टूल सरळ केलं आणि त्यांना त्यावर बसवलं. फोन मागून घेतला आणि पेरूंच्या टोपलीत ठेवला. “एकेक वाच,” म्हणाल्या, “मोठ्याने.” साहेबांनी शाळेतल्यासारखं वाचलं. ‘किती दिवस टिकते’पाशी आले तेव्हा त्यांनी पेन उचलून धरलं आणि वाट बघितली.

“बंद बाटली, दोन वर्षं,” सासूबाई म्हणाल्या. “उघडली तर ते त्या घरातल्या माणसांवर आहे. हे दुसरं लिहू नकोस.”

ह्या वेळी मी प्रत्येक ओळ वाचून मग सही केली. कंटेनर भरायला पाच दिवस उरले होते. ज्या दोघींना घरी पाठवलं होतं, त्यांना बोलवायला सासूबाई स्वतः गेल्या, आणि ते घडी केलेलं फडकं घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सातही जणी शेडमध्ये होत्या. पातेल्यात रस उकळत होता. सासूबाईंनी साखर मोजून घातली, दरवेळी घालतात तेवढीच, पासष्टच्या मापाने, दाणा इकडचा तिकडे नाही. मग डबा उघडाच ठेवला, शेजारी सासऱ्यांची ती जुनी वाटी ठेवली आणि हात पुसले.

“मी जरा दारापर्यंत जाऊन येते,” म्हणाल्या. “कोणीतरी हाक मारली.”

कोणीही हाक मारली नव्हती. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. सासूबाई दारात जाऊन आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, रिकाम्या गल्लीकडे बघत. मी वाटी उचलली. एक, दोन, तीन, मोजून सात वाट्या पातेल्यात लोटल्या. वाटी जागेवर ठेवली, डब्याचं झाकण लावलं.

“टाकली ना?” त्यांनी मागे न वळता विचारलं.

मी दोन्ही तळवे पुढे केले. “मी? माझा हात तरी लागला का डब्याला?”